नाना, त्या पानावर माझी सही नाही

नाना, तुम्ही गेलात, आणि काल तुमच्या गंधमुक्तीचं कार्य झालं. आज शाळेला सुट्टी नाही, पण मी रजा टाकली आहे. अर्जात कारण 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहिलंय. खरं कारण लिहायचं तर 'भांडण' असं लिहावं लागलं असतं. मला तुमच्याशी भांडायचंय आणि आज तुम्हाला मध्येच उठून 'बाई, मुलं वाट बघताहेत' म्हणून पळता येणार नाही.

इतके दिवस तुमच्या दारावर माणसं येत होती. भडगावच्या एसटीतून उतरून बाया तोंडावर पदर घेत आत जायच्या, पुरुष ओट्यावर सतरंजीवर बसायचे, आणि सगळ्यांचं एकच पालुपद, देवमाणूस होता, कुणाला दुखावलं नाही, कुणाविरुद्ध शब्द काढला नाही. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. देवमाणूस म्हणे! अहो, अशा माणसाबरोबर एका शाळेत नोकरी करणं हा काय जाच असतो ते कुणी मला विचारावं. तुम्ही कुणाविरुद्ध शब्द काढला नाहीत, त्याची शिक्षा मी दहा वर्षं भोगतेय.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार. तुम्हीच मुलांना म्हणायचात ना, ज्याला ठाऊक आहे त्यालाही पुन्हा सांगा, म्हणजे आपण कुठे गाळतोय ते आपल्यालाच कळतं. मग ऐका.

नव्वद साल उजाडायला दोन वर्षं होती. मी धुळ्याहून नवीनच आले होते. तिसरीचा वर्ग माझ्याकडे, भिंतीपलीकडे तुमची चौथी. गिरणेच्या काठचं गाव, आणि गावातल्या पोरांना नदीतला मासा ठाऊक होता तो फक्त कालवणातला. हेच तुम्हाला खटकायचं. पुस्तकात देवमाशाचं चित्र होतं, डॉल्फिनचं होतं, आणि तुम्ही चिडून म्हणायचात, 'आमच्या नदीत डॉल्फिन आहे का? मरळ आहे, झिंगा आहे, शिंपला आहे. त्यांनी काय पाप केलं?' मग तुम्ही फोटोंच्या फ्रेमा करणाऱ्याकडून खिडकीच्या काचा कापून आणल्या, वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकट करून घेतली, आणि सांध्यांना डांबर लावून वर्गातच टाकी जुळवलीत. तीनदा गळली. आठ दिवस डांबराचा वास माझ्या वर्गात. मी भांडायला आले तर तुम्ही माझ्याच हातात बोळा देऊन म्हणालात, 'त्या कोपऱ्यात जरा दाबून धरा, बाई.' मी धरला. तेव्हापासून तुम्ही मला असंच गुंडाळत आलात.

नदीकाठच्या डबक्यात पोरांना मरळीची पिल्लं दिसली. नारिंगी रंगाचा पुंजका, आणि त्याच्या खाली आई. पोरं सगळा पुंजका उपसून आणायला निघाली होती. तुम्ही काठावर बसून आधी त्यांना आई दाखवलीत. म्हणालात, 'तिला विचारता येत नाही, म्हणून थोडीच घ्यायची.' कडीच्या डब्यातून सतरा पिल्लं आली. सोबत चार झिंगे, मूठभर शिंपले. मासे धरणारे भोई आबा खिडकीत येऊन उभे राहिले आणि पोट धरून हसले. 'गुरुजी, तुम्ही मासा खातस नही, मंग ह्या कोनासाठे मोठ्या करतस?' तुम्ही म्हणालात, 'पोरेसले देखाले.' पोरांना बघायला. आबांना ते पटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ते पिल्लांसाठी गांडुळं आणून द्यायला लागले.

आणि ती नोंदवही. खाकी पुठ्ठ्याची, लांबट. तीन रकाने: तारीख, काय दिसलं, कोणी पाहिलं. ज्यानं पाहिलं त्यानं सही करायची, मग तो विद्यार्थी असो, शिपाई असो, नाहीतर साहेब असो. पहिल्याच दिवशी तुम्ही वर्गाला सांगितलंत, 'जे देखं ते लिखा. जे वाटनं ते घर जाईसन मायले सांगा.' दुसरा नियम, खाडाखोड करायची नाही. चुकलं तर खाली पुन्हा लिहायचं, काल चुकलं होतं म्हणून, आणि पुन्हा सही. वही सांभाळायचं काम सिंधूकडे होतं, दोन घट्ट वेण्यांच्या त्या मुलीकडे, जिच्या नजरेतून सुई सुटत नसे.

माझीही एक सही आहे त्या वहीत, आठवतंय? मधल्या सुट्टीत मला टाकीच्या तळाशी झिंगा निपचित पडलेला दिसला. मी थाटात लिहिलं, 'एक झिंगा मेला.' दुसऱ्या दिवशी मोजले तर झिंगे चारच्या चार. तळाशी होती ती त्याची कात, डोळ्यांसकट, मिशांसकट जशीच्या तशी उतरवून ठेवलेली. मी लाजून ओळ खोडायला पेन काढलं आणि तुम्ही माझा हात धरलात. अख्ख्या चौथीसमोर मला लिहायला लावलंत: 'काल मी चुकले. ती कात होती.' पोरं काय खिदळली! मलाही हसू आवरेना. डी.एड.च्या दोन वर्षांत जे शिकले नव्हते ते मी त्या एका ओळीत शिकले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतेय, पण तेवढ्यानं तुमची सुटका नाही.

पाण्याचं तुमचं शास्त्र कडक होतं. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत जंतुनाशक पावडर टाकायची, म्हणून ते तसंच टाकीत ओतायचं नाही. व्हरांड्यात सहा बादल्या भरून दोन दिवस उन्हात ठेवायच्या, पाणी शिळं करायचं, मग बदलायचं. बादल्यांवर खडूनं वार लिहिलेले असायचे. मोठ्या पिल्लांनी बारकी खाल्ली, सतराची अकरा झाली. ती अकरा मात्र बोटाएवढी लांब, काळपट, तकतकीत. सारखी वर येऊन तोंडभर हवा घेऊन जायची. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना कोण बघणार, म्हणून सुट्टीआधीच्या शनिवारी गिरणेत सोडायचं ठरलं. सोडताना कोणी कळशी धरायची यावरून पोरांत मारामाऱ्या चालल्या होत्या.

आणि गुरुवारी हेडसरांनी कार्यक्रम ठेवला.

पर्यावरण हा शब्द तेव्हा परिपत्रकांमधून नुकताच यायला लागला होता. हेडसरांना वाटलं, आपल्या शाळेत आयतं पर्यावरण पोसलेलं आहे, ते दाखवून घ्यावं. आमच्या पट्ट्यातल्या पुढाऱ्यांना बोलावलं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे, मीही तेवढंच म्हणते, नाव लिहून माझी शाई वाया घालवत नाही. तुम्ही म्हणालात, 'टाकी तीन महिने चालू आहे, आता उद्घाटन कसलं?' तुम्हाला गप्प करून लेझीमच्या पोरांबरोबर फाटकावर उभं केलं. मला ताट तयार करायला सांगितलं. बाईमाणूस म्हणजे ताट! हळद, कुंकू, फुलं, फोडायला नारळ, पेढे, आणि वाटीभर गुलाल. भाऊसाहेब दहाला येणार होते, आले तीनला. तोवर अंगणात धुरळा उडत होता म्हणून हेडसरांनी सडा मारायला सांगितलं. कोणत्या पाण्यानं? व्हरांड्यातल्या सहा बादल्यांच्या. खडूनं लिहिलेले वार दिसत होते, तरी.

भाऊसाहेब वर्गात आले. फीत कापली. मग टाकीपुढे उभे राहून म्हणाले, 'वा, पाणी आहे म्हटल्यावर जलपूजन झालंच पाहिजे.' त्या वर्षी त्यांनी नाल्यांची, बंधाऱ्यांची, विहिरींची इतकी जलपूजनं केली होती की पाणी दिसलं की हात आपोआप ताटाकडे जायचा. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. हेडसरांनी हात जोडले, पोरांनी जोडले, मागे उभ्या असलेल्या बायांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. माणसं भक्तीनं उभी होती, नाना. काचेआडून अकरा मासे त्यांच्याकडे बघत होते.

हळद पडली. कुंकू पडलं. नारळाचं पाणी पडलं. मग त्यांचा हात ताटावर घुटमळला, कारण गुलालाची वाटी पलीकडच्या कडेला होती. आणि मी ताट फिरवलं.

मला कळत होतं. हेच तर सांगायचंय. तीन महिने मी रोज त्या काचेला नाक लावून बसत होते. साधी वहीची शाई सांडली तरी तुम्ही पाणी बदलता, हे मला ठाऊक होतं. तोंड उघडून 'भाऊसाहेब, यात मासे आहेत' एवढं म्हणायचं होतं. माझी दातखीळ बसली. हेडसर माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, मी कायम झाले नव्हते, सगळं गाव बघत होतं. मी ताट फिरवलं, वाटी त्यांच्या हाताशी आणली, आणि त्यांनी मूठ भरून पाण्यात सोडली. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला.

तुम्ही आत आलात तेव्हा भाषण सुरू झालं होतं. तुम्ही टाकीकडे पाहिलंत, व्हरांड्यातल्या पालथ्या बादल्यांकडे पाहिलंत. नळाचं पाणी ओतावं तर पावडर, न ओतावं तर गुलाल. पाहुण्यांच्या पुढून, हेडसरांच्या पुढून, तुम्ही पोरांना घेऊन हंडे-कळश्या उचलून नदीकडे पळत सुटलात. धोतराचा सोगा हातात धरून पळणारे तुम्ही अजून माझ्या डोळ्यांपुढे आहात. जायला पाव तास, भरलेल्या कळश्या घेऊन यायला त्याहून जास्त. इकडे भाऊसाहेब मुक्या प्राण्यांवर दया करा असं सांगत होते आणि मी कपबशा फिरवत होते.

झिंगे आधी गेले. पिल्लं हवा घ्यायला वर यायची तर वर गुलालाची साय. तोंडं लाल करून परत खाली. तुम्ही पाणी बदललंत, पुन्हा बदललंत, दिवेलागणीपर्यंत खेपा केल्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं पिल्लू आडवं झालं. चौथीचा वर्ग रडत होता आणि तुम्ही टाकीशेजारी स्टुलावर बसून होतात, हात कोपरापर्यंत लाल.

मग सिंधूनं वही उघडली. डोळे पुसत पुसत सगळं लिहिलं. पोरांनी रांगेनं सह्या केल्या. शिपाई दगडूबाबा झाडू टेकवून पुढे आले, 'मी देखं. मना अंगठा ल्या.' सडा त्यांनीच मारला होता, त्यांनाच सांगितलं होतं ना. तरी त्यांनी अंगठा दिला. आणि वही घेऊन ती पोरगी माझ्याकडे आली. 'बाई, तुम्हीबी देखं ना? मंग सही करा.'

हेडसर ऑफिसच्या दारात उभे होते. मी म्हणाले, 'मला तास आहे गं. नंतर करते.'

ते नंतर कधी आलंच नाही, नाना. मास्तरांनी पोरं घडवायची म्हणे! एका अडाणी माणसानं अंगठा दिला आणि शिकलेल्या बाईला पेन सापडलं नाही.

पुढचं सगळं तुमच्या पद्धतीनं झालं. पेपरात भाऊसाहेबांचा फोटो आला आणि चार दिवसांत मासे मेल्याची बोंब गावभर झाली. वरून खुलासा मागवला. हेडसर म्हणाले, वहीतलं ते पान फाडा, पाहुण्यांची बदनामी आहे. तुम्ही म्हणालात, 'मुलांच्या वहीला हात लागणार नाही.' आणि खुलाशात लिहून दिलंत, पाणी बदलताना माझ्याकडून हयगय झाली, सर्वस्वी मी जबाबदार. मला कळलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. भर व्हरांड्यात मी तुमच्यावर ओरडले, 'मुलांना खरं लिहायला सांगता आणि स्वतः खोटं लिहून देता?' तुम्ही म्हणालात, 'वही मुलांची आहे, बाई. खुलासा माझा आहे.' मी म्हणाले, 'हा मोठेपणा नाही, हा भित्रेपणा आहे.' मी म्हणाले! जिनं सही केली नव्हती ती. तुम्ही तसेच वर्गात गेलात. तिथून आजपर्यंत ते भांडण अर्धंच राहिलं.

जूनमध्ये तुमची बदली झाली, बोदवडच्या पलीकडे. गिरणेकाठच्या माणसाला नेऊन टाकला कुठे, तर जिथे बाया हंडाभर पाण्यासाठी टँकरमागे धावतात तिथे. ज्यानं कुणी ते ठरवलं त्याला वाटलं असेल, आता पाळा मासे. दोन महिन्यांनी तुमचं पोस्टकार्ड आलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस चिडला असेल, दोन शिव्या लिहिल्या असतील. काय लिहिलं होतंत? 'इथे नदी नाही. बेडूक मात्र भरपूर. फुटक्या माठाच्या खापरात त्यांची पिल्लं ठेवली आहेत. शेपूट गळून पडत नाही, आतल्या आत आटत जाते. पाहिलं: मी आणि चौथीची सगळी मुलं.' मी ते कार्ड टराटरा फाडलं. मग तुकडे गोळा करून जपून ठेवले. अजून आहेत.

आणि मग तुमच्या त्या दिवाळ्या. दर भाऊबीजेनंतर माझ्या घरी यायचात. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून खाकी पुठ्ठ्याची कड डोकावत असायची. मी बघायचे, आणि मी बघतेय हे तुम्ही बघायचात. चिवडा व्हायचा, चहा व्हायचा, माझ्या मुलीच्या अभ्यासाची चौकशी व्हायची. मला वाटायचं, आता काढतील. आता वही पुढे करतील आणि म्हणतील, बाई, ती सही राहिली होती तेवढी. तुम्ही काढायचा नाहीत. मी मागायचे नाही. तुम्ही गेल्यावर मी भांडी आदळायचे. तुम्ही माझी वाट बघताय, असंच मी दहा वर्षं धरून चालले होते. ते तुमचं शांत वाट बघणं मला जाळायचं. एकदा आपटायची होती वही माझ्यापुढे! ओरडायचं होतं! तुमच्या ओरडण्यानं मी सुटले असते.

काल कार्य झाल्यावर शाळेत शोकसभा झाली. तुमच्याच वर्गात. तुमची टाकी अजून कोपऱ्यात आहे, तिच्यात आता लेझीम आणि फुटके नकाशे असतात. भाऊसाहेब आले होते, थकलेत आता, काठी लागते. उभे राहिले आणि म्हणाले, 'नानांच्या मत्स्यालयाचं जलपूजन माझ्या हातून झालं, हे मी माझं भाग्य समजतो.' डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या, खरंखुरं. त्या माणसाला माहीतच नाही! दहा वर्षांत कुणी त्यांना सांगितलंच नाही की ते मासे कशानं मेले. आम्ही सगळे मूग गिळून बसलो, तुम्ही सगळं अंगावर घेतलंत, आणि तो माणूस पुण्य केल्याच्या समाधानात म्हातारा झाला.

मी उठले. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, 'त्या गुलालानं मासे मेले. भाऊसाहेबांनी टाकला आणि वाटी मी पुढे केली. नानांची काहीही चूक नव्हती.' मग सूत्रसंचालन करणारा तरुण शिक्षक पुढे झाला, माझ्या हातातून माईक घेतला आणि हळुवार आवाजात म्हणाला, 'बाईंच्या भावना अनावर झाल्या आहेत, आपण समजू शकतो.' लोकांनी माना डोलावल्या. एकीनं मला पाण्याचा ग्लास दिला. भाऊसाहेब मला नमस्कार करून गाडीत बसले. बोंबलून सांगितलं तरी ऐकू गेलं नाही. तोंडात मारून घ्यावंसं वाटलं मला.

तिथून तडक तुमच्या घरी आले. तुमचा संसार सांभाळलेल्या अक्का चुलीपाशी एकट्याच बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. 'हाई तुम्ही लई जा, बाई. त्यासनी कोणले हात लावू दिधा नही.' मी तिथेच, त्यांच्यासमोर, वही उघडली. पान सापडायला वेळ लागला नाही, सारखं उघडून ते आपोआपच उघडत होतं.

सिंधूचं टपोरं अक्षर. भाऊसाहेबांनी हळद टाकली. कुंकू टाकलं. नारळाचं पाणी टाकलं. मग एक ओळ खोडलेली. मग, भाऊसाहेबांनी गुलाल टाकला. पाणी लाल झालं. खाली पोरांच्या सह्या, दगडूबाबांचा अंगठा.

खोडलेली ओळ, नाना. त्या वहीत! इतकी दाबून खोडलेली की कागद फाटायला आला होता. मी पान दाराच्या उजेडात धरलं आणि मागून वाचलं. 'बाईंनी ताट फिरवले आणि वाटी पुढे केली.' त्या पोरीनं ताट फिरवलेलंसुद्धा पाहिलं होतं. आणि समासात तुमच्या बारीक अक्षरात: 'ही खाडाखोड माझी.' खाली तुमची सही, तारीख.

अक्का म्हणाल्या, 'तव्हय तुम्हनी नोकरी कच्ची व्हती ना, बाई. तुम्हना नाना म्हनेत, लोकनी पोर शे, तिनी नोकरी जावाले नको. पन मंग त्यासले झोप ये नही. म्हनेत, मी पोरीनं लिखेल खरं खोडी टाकं.'

म्हणजे वाट बघत नव्हतात तुम्ही. पिशवीतून वही काढत नव्हतात, कारण तुम्हालाही ते पान दाखवायची लाज वाटत होती. दहा दिवाळ्या आपण दोघं समोरासमोर बसून चिवडा खाल्ला, आणि दोघंही एकाच पानाला भीत होतो. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मी आले होते का पदर पसरायला? माझी नोकरी गेली असती तर गेली असती, मी धुळ्याला शिकवण्या केल्या असत्या, पण ताठ मानेनं जगले असते. आणि त्या सिंधूचं काय? दहा वर्षांची पोर, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून तिनं तिच्या लाडक्या बाईविरुद्ध खरं लिहिलं, आणि तुम्ही ते खोडलंत. तिनं नंतर ते पान पाहिलं असेल का? तिला काय वाटलं असेल? ती आता नरडाण्याला असते, काल कडेवर मूल घेऊन आली होती. 'बाई, ती वही शे का आजून?' म्हणून विचारत होती. मी म्हणाले, माहीत नाही. रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे, वही घेऊन. तुमच्या वतीनं माफी मागणार नाही. तुमची तुम्ही मागायला हवी होतीत.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही, नाना. माझ्यासाठी तुम्ही तुमचा नियम मोडलात, एवढा मोठा उपकार माणसानं दुसऱ्या माणसावर विचारल्याशिवाय करू नये. तो फेडता येत नाही आणि टाकताही येत नाही. तुमच्याइतकं चांगलं मला कुणी वागवलं नाही, आणि तुमच्याइतका राग मला कुणाचा आला नाही. दोन्ही खरं आहे. दोन्ही मी लिहिते आहे, कारण दोन्ही मी पाहिलंय.

आज सकाळी वही घेऊन बसले. सह्यांच्या खाली दोन बोटं जागा होती. तारीख आजची घातली. 'काय दिसलं' मध्ये लिहिलं: वरची खोडलेली ओळ खरी आहे. ताट मी फिरवलं. 'कोणी पाहिलं' मध्ये सही केली.

रागात लिहिलंय, त्यामुळे अक्षर वाकडं आलं आहे. खाडाखोड केलेली नाही.